विसरणारा सोबती: गेममधील निष्ठावान पात्राचा स्मृतिभ्रंश कसा लिहावा

खाल्ल्या मिठाला जागणे हा आपल्याकडे निष्ठेचा सर्वांना कळणारा दाखला आहे. गेममध्ये खेळाडूबरोबर अखेरपर्यंत चालणारा सोबती लिहिताना आपण बहुतेक वेळा याच दाखल्यावर भिस्त ठेवतो: खेळाडूने त्याला कधीतरी वाचवलेले असते, आसरा दिलेला असतो, आणि तो ते विसरलेला नसतो. मग ज्याला मीठ खाल्ल्याचेच आठवत नाही तो मिठाला जागणार कसा, हा प्रश्न स्मृती गमावलेला सोबती लिहिणाऱ्याने पहिल्याच दिवशी सोडवायचा असतो. तो न सोडवता पुढे गेल्यास दोनपैकी एक गोष्ट हमखास होते. एक तर विस्मृती नावापुरती उरते आणि कथानकाला गरज पडेल तेव्हा सोबत्याला सगळे नेमके आठवते. नाही तर निष्ठा लेखकाच्या हुकमाने चालते आणि सोबती म्हणजे खेळाडूचे सामान वाहणारा हमाल होऊन बसतो.

इंदूरमध्ये आम्ही चौघे दोन वर्षांपासून, दिवसाची कामे आटोपल्यावर, असा एक छोटा गेम तयार करीत आहोत आणि त्यातले लेखन माझ्याकडे आहे. एका वकिलांची नात बऱ्याच वर्षांनी इंदूरला परत येते आणि वाड्याचे जुने कागद शोधत गावभर हिंडते, एवढीच त्याची कथा. तिच्या सोबतीला नाना आहेत. तीस वर्षे त्यांनी वकीलसाहेबांचा टांगा हाकला. आता टांगा नाही, घोडा नाही आणि नानांची आठवणही सकाळी असते तर संध्याकाळी नसते. पुढची पद्धत नानांना लिहिताना चुकत चुकत हाती आलेली आहे. सोबती माणूस नसून यंत्र असला तरी तिच्यात फार फरक करावा लागणार नाही.

आधी कोणती स्मृती जाणार ते ठरवावे

‘त्याची स्मृती गेली’ हे वाक्य लेखकाच्या उपयोगाचे नाही, कारण स्मृती ही एकच पेटी नव्हे. 1953 मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणावर अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली, तीत हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा अंश काढला गेला, आणि तेव्हापासून 2008 मध्ये मृत्यू येईपर्यंत नव्या घटना त्याच्या मनात टिकेनाशा झाल्या. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. आपण हे काम पूर्वी केले आहे, हे त्याला दुसऱ्या दिवशीही आठवत नसे आणि तिसऱ्या दिवशीही. हात मात्र दिवसागणिक सफाईदार होत गेला. काय घडले याची आठवण आणि कसे करायचे याची आठवण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून दिसले.

याहून जुना आणि आपल्या कामाला याहून जवळचा एक प्रयोग आहे. जिनिव्हाचे डॉक्टर एदुआर क्लापारेद यांच्याकडे एक बाई होती, जिला डॉक्टरांची ओळख रोज नव्याने करून द्यावी लागे. एकदा त्यांनी हातात टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केले. पुढच्या भेटीत तिला ना डॉक्टर आठवले, ना टाचणी. पण त्यांनी हात पुढे करताच तिने आपला हात मागे घेतला, आणि का घेतला हे तिला धड सांगता येईना. क्लापारेद यांनी हे 1911 मध्ये लिहून ठेवले. मागे घेतलेला तो हात म्हणजे आपल्या सोबत्याच्या लेखनाची किल्ली आहे. भीती जर आठवणीवाचून हातात उरू शकते, तर माया का उरू नये? प्रयोगाने एवढे सिद्ध होत नाही, हे मान्य. पण खेळाडू ते लगेच स्वीकारतो, कारण त्याने घरात कुणाचे तरी म्हातारपण पाहिलेले असते.

तिसरी गोष्ट क्रमाची. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी 1881 मध्ये मांडले की स्मृतीचा ऱ्हास होताना नवे आधी जाते आणि जुने शेवटी. गेमच्या दृष्टीने याचा अर्थ कठोर आहे: खेळाडूने सोबत्यासाठी जे जे केले ते सगळे नवे, म्हणून तेच आधी जाणार. नानांना वकीलसाहेबांची काळी टोपी आठवते, घोड्याचा तोबरा कुठल्या खुंटीला टांगलेला असे ते आठवते, पण नातीने परवा घेऊन दिलेला चश्मा कुणी दिला ते आठवत नाही. खेळाडूने पदरचे पैसे मोजून, दोन तास खपून आणलेली वस्तू सोबत्याच्या नाकावर आहे आणि देणाऱ्याचा पत्ता नाही, हे दुखले पाहिजे. सोबत्याने आपले बालपण विसरणे खेळाडूला स्वस्त पडते, कारण ते बालपण त्याने पाहिलेलेच नसते. जे दोघांनी मिळून भोगले तेच विसरायला लावावे.

विस्मृती फाशाच्या दानाप्रमाणे कधीही, कुठेही येऊ देऊ नये, हेही येथेच सांगून ठेवतो. तिला चाल असावी. आमच्याकडे ती दिवस मावळताना वाढते आणि झोपेनंतर थोडी ओसरते. तीन-चार दिवसांत खेळाडू ते ताडतो आणि महत्त्वाचे प्रश्न सकाळी विचारू लागतो. हे त्याला कुठेही लिहून दाखवलेले नाही.

निष्ठा हातात ठेवावी

माझे आजोबा शेवटच्या दोन वर्षांत मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारीत. रस्ता ओलांडताना मात्र ते माझे मनगट धरीत. बोटे नव्हे, मनगट. मुलाची बोटे हातातून निसटतात, मनगट निसटत नाही, एवढा हिशेब त्या हाताला पक्का ठाऊक होता, आणि मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. नानांचे मनगट धरणे तिथून आले. हात धरून चालण्याचा उपयोग गेममध्ये नवा नाही. 2001 च्या ‘इको’मध्ये मुलाने मुलीचा हात धरून तिला किल्ल्यातून नेणे हाच खेळण्याचा गाभा होता. फरक इतकाच की आमच्याकडे कळ खेळाडूच्या हाती नाही. रस्ता आला की नाना स्वतः मनगट धरतात, पलीकडे गेले की सोडतात, आणि तिच्याकडे पाहतही नाहीत.

सोबत्याला अशा तीन-चार सवयी द्याव्यात, अधिक नकोत, आणि त्या त्याच्या धंद्यातून आलेल्या असाव्यात. नाना गल्लीचा कोपरा नेहमी लांबून घेतात, कारण टांग्याला वळायला जागा लागते. पायी चालणारा म्हातारा प्रत्येक कोपऱ्यावर मोठा वळसा का घेतो, हे खेळाडूला पहिले दोन तास कळत नाही. आमच्यातल्या प्रोग्रॅमरलाही कळले नव्हते, आणि त्याने वाट शोधण्याच्या कोडमधली चूक समजून तो वळसा एका रात्रीत ‘दुरुस्त’ करून टाकला होता. आता त्या ओळीवर शेरा आहे: ‘टांगा आहे असे समजावे.’ दुसरी सवय बसण्याची. नाना पायरीवर बसण्याआधी एक हात मागे टेकवतात आणि मान वळवून पाहतात की मागचे माणूस नीट बसले की नाही. मागे कुणी नसले तरी पाहतात.

या सवयींना कोणत्याही व्हेरिएबलशी, म्हणजे कोडमधल्या बदलत्या नोंदीशी, जोडू नये, हा या प्रकरणातला एकमेव नियम आहे. नानांना तिचे नाव आठवत असो वा नसो, ते चिडलेले असोत वा गप्प, रस्ता आला की मनगट धरले जातेच. गेममध्ये बाकी सगळे डळमळते म्हणून एक गोष्ट तरी कधीच चुकता कामा नये. ती एकदा जरी चुकली तरी खेळाडूचा विश्वास उडतो आणि मग नुसत्या संवादाने तो परत येत नाही.

चालण्याचा क्रमही बोलका असतो. वाट आठवत असली की नाना दोन पावले पुढे चालतात. आठवेनाशी झाली की हळूहळू बरोबरीला येतात आणि मग मागे पडतात. पडद्यावर स्मृतीची पट्टी दाखवण्याचा मोह आम्हाला झाला होता. ती काढून टाकली त्या दिवसापासून खेळाडू मागे वळून पाहू लागले.

तू, तुम्ही आणि आप

मराठीत हे पात्र लिहिणाऱ्याच्या हाती एक असे साधन आहे, जे पुष्कळ भाषांतल्या लेखकांना मिळत नाही, आणि आपण ते वापरत नाही याचे मला नवल वाटते. ओळख गेली हे दाखवायला ‘तू कोण आहेस?’ असा भडक प्रश्न लिहावाच लागत नाही. सर्वनाम बदलले की पुरते, क्रियापद आपोआप त्याच्यामागे जाते. इंदुरी मराठी घरात आणखी एक पायरी हाताशी असते, कारण येथे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे. अनोळखी माणसाशी तोंडातून आधी हिंदीच निघते.

वाड्याच्या जिन्यावरचा एक प्रसंग आम्ही तीन तऱ्हांनी लिहिला आहे. ओळख पटलेली असते तेव्हा नाना म्हणतात, “बाळ, पायरी बघ. इथली फरशी हलते.” नात त्यांना तिची आजी वाटते तेव्हा ते एक पायरी खाली उतरून, नजर झुकवून म्हणतात, “वहिनीसाहेब, पायरी बघा. इथली फरशी हलते.” आणि काहीच ओळख उरलेली नसते तेव्हा, “मैडम, देख के. फर्शी हिलती है.” तिन्ही ओळींत फरशी हलते हे त्यांना ठाऊक आहे आणि कुणी पडू नये ही काळजीही तीच आहे, हरवली आहे ती फक्त समोरच्या मुलीची जागा. तिसरी ओळ ऐकून आमच्या एका मैत्रिणीने कंट्रोलर खाली ठेवला आणि काही वेळ खेळली नाही. त्या ओळीत एकही दुःखाचा शब्द नाही.

संबोधन एकदा ठरले की प्रसंग संपेपर्यंत ते पाळावे, आणि बदल वाक्याच्या मध्यावर होऊ द्यायचा असेल तर तो सबंध गेममध्ये एकदाच करावा. “वहिनीसाहेब, तुम्ही... तू कधी आलीस, बाळ?” ही ओळ आम्ही अशीच एका ठिकाणी राखून ठेवली आहे.

छपाईची एक अडचण येथेच सांगणे बरे. अक्षरे एकामागून एक उमटवण्याची पद्धत देवनागरीत जपून वापरावी. कोड एकेक चिन्ह मोजून दाखवू लागला की ‘क्षि’ हे अक्षर आधी क, मग पाय मोडलेला क, मग क्ष आणि शेवटी क्षि असे उमटते, आणि अडखळणाऱ्या म्हाताऱ्याऐवजी मोडका फॉन्ट दिसतो. गोडॉट या गेम इंजिनच्या 2023 मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून जोडाक्षरे नीट जुळतात आणि अक्षरे कोणत्या टप्प्यावर उघड करायची हेही ठरवता येते; तरीही आम्ही सबंध शब्द एकदम दाखवतो. नाना अडखळतात ते दोन शब्दांच्या मध्ये.

दोन वह्या

आता तांत्रिक बाजू. गेमला घडलेले सगळे आठवत असते, सोबत्याला आठवता कामा नये. म्हणून माहिती पहिल्यापासून दोन ठिकाणी ठेवावी. आम्ही त्यांना जगाची वही आणि नानांची वही म्हणतो. जगाच्या वहीत घटना घडली की नाही एवढेच असते आणि तिथली नोंद कधी पुसली जात नाही. नानांच्या वहीत त्याच घटनेपुढे चारपैकी एक शब्द असतो: स्पष्ट, धूसर, हरवलेली किंवा अदलाबदल. अदलाबदल म्हणजे घटना आठवते पण माणूस चुकतो. चश्मा मिळाल्याचे आठवते, मात्र तो वकीलसाहेबांनी दिला असे वाटते. नवे लेखक ही चौथी अवस्था टाळतात, कारण तिला जास्त ओळी लागतात. खरी माणसे मात्र कोऱ्या जागेपेक्षा चुकीच्या आठवणीतच अधिक वेळ राहतात, असे मी जवळून पाहिले आहे.

संवादासाठी इंक ही कथा लिहिण्याची संगणकीय भाषा वापरत असल्यास एका गोष्टीची खबरदारी घ्यावी. इंकमध्ये कथेचा कोणता भाग किती वेळा वाचला गेला याची मोजणी आपोआप होते आणि त्या मोजणीवर पुढची वाक्ये बेतणे फार सोपे जाते. ती मोजणी ही जगाची वही आहे. आम्ही सुरुवातीला तिचाच आधार घेतला आणि परिणाम असा झाला की आदल्या क्षणी सगळे विसरलेले नाना पुढच्या वाक्यात ‘मघाशी म्हटलं तसं’ म्हणू लागले. सोबत्याच्या तोंडची प्रत्येक ओळ त्याच्याच वहीतून विचारून यावी. स्वतंत्र व्हेरिएबल लिहिण्याचा कंटाळा करू नये.

मात्र घटना मोजून घ्याव्यात. वीस घटना, प्रत्येकीच्या चार अवस्था आणि तीन संबोधने, असा गुणाकार केला तर 240 ओळी होतात, आणि त्याही प्रत्येकी एकदाच बोलल्या जाणाऱ्या. चौघांना फावल्या वेळात हे झेपणारे नाही. आम्ही घटना आठवर आणल्या. 96 ओळी झाल्या आणि लेखन सुधारले, कारण उरलेल्या प्रत्येक घटनेला खेळाडूच्या लेखी किंमत आली.

सेव्ह आणि लोडचा प्रश्न उरतो. नाना विसरले की खेळाडू मागची सेव्ह उघडून पुन्हा प्रयत्न करतो, जणू दान चांगले पडण्याची वाट पाहत आहे. विस्मृतीची चाल ठरलेली असली की या उद्योगात अर्थ राहत नाही, कारण पुन्हा खेळले तरी तेच विसरले जाते.

ठिकाणाने आठवण जागी करावी

आठवण परत येण्यासाठी जादूची वस्तू ठेवण्यापेक्षा जागा वापरावी. गॉडन आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी 1975 मध्ये पाणबुड्यांना शब्दांच्या याद्या पाठ करायला दिल्या होत्या. पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखाली आणि किनाऱ्यावर पाठ केलेले किनाऱ्यावर अधिक आठवतात, असे त्यांना आढळले. आमच्या गावात हा प्रयोग सराफ्यात रोज मांडून ठेवलेला आहे. दिवसा तिथे सोन्याचांदीची दुकाने असतात, गादीवर माणसे आणि काचेआड दागिने; रात्री शटर ओढली गेली की त्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात आणि भुट्ट्याचा कीस, हिवाळ्यात तळलेले गराडूचे कंद, वर भुरभुरलेला जिरावण मसाला, असा दरवळ सुटतो. जागा एकच, वास निराळा.

खेळाडू नानांना दुपारी सराफ्यात घेऊन जातो तेव्हा त्यांना काही आठवत नाही. ते अंग चोरून उभे राहतात, गादीवरच्या माणसाला उगाच नमस्कार करतात. त्याच जागी रात्री अकराला आणले की गराडूच्या वासाबरोबर नाना थांबतात, हात नकळत लगाम आवरल्यासारखा मागे येतो, आणि ते सांगतात की वकीलसाहेब खाली उतरत नसत, द्रोण टांग्यातच द्यावा लागे. मग त्या द्रोणाखाली धरलेल्या कागदाची गोष्ट निघते. खेळाडूला कुणी ‘रात्री या’ असे सांगत नाही. त्याला गाव ठाऊक असेल तर सुचते, नसेल तर दुपारचा तो अवघडलेला नमस्कार त्याला कधीतरी रात्री परत आणतो.

उलटाही एक प्रसंग करून पाहावा, ज्यात सोबत्याची आठवण बरोबर असते आणि जग बदललेले असते. इंदूरच्या होळकरांच्या राजवाड्याचा बराच भाग 1984 च्या आगीत जळाला आणि त्याची पुनर्बांधणी पुष्कळ वर्षांनी झाली. नाना सात मजली दर्शनी भागासमोर उभे राहून आतल्या एका लाकडी जिन्याचे वर्णन करतात, आणि आत गेल्यावर तो जिना नसतो. खेळाडू मनाशी म्हणतो, पुन्हा विसरले. पुढे वाड्यातल्या एका जुन्या छायाचित्रात तो जिना सापडतो. जिना आणि छायाचित्र आमचे कल्पित आहेत. आग खरी आहे. या एका प्रसंगानंतर खेळाडू नानांच्या प्रत्येक बोलण्याकडे निराळ्या कानाने लक्ष देऊ लागतो, आणि एवढ्या श्रमात एवढा लाभ देणारे दुसरे काही आम्हाला सापडले नाही.

चूक सुधारावी की निभावून न्यावी

येथवर सगळे सोबत्याचे झाले; खेळाडूच्या हाती काय द्यावे हा खरा प्रश्न आहे. नाना नातीला वहिनीसाहेब म्हणतात तेव्हा पडद्यावर तीन वाटा येतात. ‘नाना, मी त्यांची नात,’ असे सांगता येते. वहिनीसाहेब होऊन उत्तर देता येते. किंवा काहीच न बोलता पुढे चालता येते. पहिली वाट घेतली तर नाना खजील होतात. ते रागावत नाहीत, रडत नाहीत. फक्त पुढचा सगळा रस्ता मागून चालतात आणि विचारल्याशिवाय बोलत नाहीत. दुसरी घेतली तर ते खुलतात, आणि वाड्याच्या कागदांबद्दल असे काही सांगतात, जे वहिनीसाहेबांशिवाय कुणाला सांगणार नाही, असा शब्द त्यांनी एके काळी दिलेला आहे.

म्हणजे शोध पुढे न्यायचा तर एका निष्ठावान माणसाला फसवावे लागते, आणि फसवणाऱ्याला नंतर त्याच माणसाबरोबर रस्ता ओलांडायचा असतो. या वाटांना गुण देऊ नयेत, ‘नानांना हे आवडले नाही’ अशी पाटी दाखवू नये. कागद मिळण्याचा दुसरा रस्ता, लांबचा का होईना, ठेवलेला असावा. नाही तर निवड उरत नाही, नुसती सक्ती होते. आमच्या पहिल्या मसुद्यात दुसरा रस्ता नव्हता, आणि खेळून पाहणाऱ्यांपैकी एकाने सरळ विचारले की लबाडी तुम्हीच करायला लावता तर दोष आमच्या माथी का. त्याचे बरोबर होते.

नानांच्या विसरण्यावर विनोद करू नये. नानांनी स्वतः केला तर तो राहू द्यावा.

पुनरावृत्ती आणि बग

विसरणारा माणूस तेच तेच बोलतो, आणि गेम बिघडला की पात्रही तेच तेच बोलते. हा फरक खेळाडूला दिसला पाहिजे. आमच्या पहिल्या चाचणीत नानांनी घोड्याची गोष्ट तीनदा सांगितली आणि सहापैकी चौघांनी ‘संवाद अडकला’ असा बग लिहून दिला. उरलेल्या दोघांनी तोवर गेम बंदच केला होता. आम्ही गोष्ट वगळली नाही. दुसऱ्या वेळी ती मध्येच सुरू केली, तिसऱ्या वेळी घोड्याचा रंग बदलला, आणि शेजारी उभ्या असलेल्या पानवाल्याच्या तोंडी एक ओळ घातली: “हो नाना, पांढराच होता.” कुणीतरी तिसऱ्याने पुनरावृत्ती ऐकली आणि सांभाळून घेतली, की ती बिघाड राहत नाही. पुढच्या चाचणीत तो बग कुणीही लिहिला नाही. एकाने मात्र घोडा नेमका कोणत्या रंगाचा होता हे विचारले आणि आम्हा चौघांना चार उत्तरे सुचली.

स्मृती परत द्यावी का

या बाबतीत सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बहुधा 2003 च्या ‘स्टार वॉर्स: नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’मधल्या एचके-47 या यंत्रसोबत्याचे असेल. त्याची स्मृती बंद केलेली असते, खेळाडू दुरुस्तीचे कौशल्य वाढवून ती टप्प्याटप्प्याने उघडतो, आणि अखेर कळते की त्याचा हरवलेला जुना मालक म्हणजे खेळाडूच आहे. रचना म्हणून ते चोख आहे, कारण दोघांचीही आठवण गेलेली आहे आणि निष्ठा मात्र पहिल्यापासून योग्य माणसाकडेच चाललेली होती. पण यंत्राला जमते ते माणसाला शोभेलच असे नाही. कुलूप उघडल्यासारखी परत येणारी स्मृती हे बक्षीस ठरते, आणि मग खेळाडू सोबत्याला बरा करण्यासाठी नव्हे, तर पुढचे दार उघडण्यासाठी राबतो. नानांची स्मृती परत येत नाही, हे आम्ही लवकर ठरवले आणि पहिल्याच तासात खेळाडूला कळू दिले. आशा दाखवून शेवटी हिरावून घेणे ही लेखकाची चैन आहे.

शेवट लिहिताना एकच काळजी घेतली. कागद सापडले आहेत, नातीला रात्रीच्या गाडीने जायचे आहे, दोघे स्टेशनच्या रस्त्यावर उभे आहेत. संध्याकाळ आहे, म्हणजे चालीप्रमाणे नानांना काही आठवायचे नाही, आणि आठवतही नाही. ते “मैडम” म्हणूनही बोलत नाहीत. समोरून वाहने जात राहतात. मग ते मनगट धरतात आणि म्हणतात, “चल.” ‘चला’ नव्हे, ‘चलिए’ नव्हे. संवादाच्या फाइलमध्ये या ओळीपुढे आवाज देणाऱ्यासाठी शेरा लिहिला आहे: तिच्याकडे न पाहता, रस्त्याकडे पाहत, आवाज नेहमीचाच ठेवावा, आणि मागे संगीत नको.